मॉस्कोत अडकलेल्या आर्टिकलला

पत्र:

दादा, मी नाशिकला, इंदिरानगरात राहते. कॅनडा कॉर्नरला एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करते, त्यामुळे रात्री दहा ते बारा एवढाच वेळ माझा. मला हेरगिरीच्या गोष्टी आवडतात आणि गोळीबार अजिबात आवडत नाही, म्हणून धाकट्या भावाने वाढदिवसाला 'अल्फा प्रोटोकॉल' हा हेरगिरीचा कॉम्प्युटर गेम घेऊन दिला. साठवलेल्या पैशातून. सुरुवात झकास झाली. कौशल्यांचे जवळजवळ सगळे पॉइंट स्टेल्थमध्ये, म्हणजे लपून जाण्यात टाकले, उरलेले सॅबोटाजमध्ये, म्हणजे हॅकिंग वगैरेत. सौदीत एकही माणूस मारला नाही. आता मॉस्कोत ब्रायको नावाच्या गुंडाच्या बंगल्यात अडकले आहे. तो सुरा घेऊन धावत येतो आणि मी मरते. पाच रात्री हेच चाललंय.

बाकीचंही ऐका. गार्ड कधी नाकासमोरून जाऊ देतात, कधी भिंतीपलीकडून ओळखतात. कॉम्प्युटर हॅक करताना माऊस चिखलात रुतल्यासारखा चालतो. बोलायची वेळ आली की घड्याळ सुरू होतं, भाऊ शेजारून 'उर्मट दाब, उर्मट' म्हणून ओरडतो, आणि माझ्याकडून भलतंच दाबलं जातं. बारमध्ये त्या ग्रिगोरीच्या तोंडावर बाटली फुटली ती अशीच. मग मी आधीची सेव्ह उघडून परत मागून लोड करते. एकेक संभाषण तीन-तीनदा झालंय. ऑफिसातले म्हणतात, गेमच भंगार आहे, सोड. भावाने दिलाय म्हणून सोडवत नाही. गेम वाईट आहे की मी?

— हैराण हेर

उत्तर:

प्रिय हैराण हेर,

दादा म्हटलंयस, म्हणून सरळ अगं-तुगंवर येतो. आधी ब्रायकोचं बघू. पाच रात्री म्हणजे दहा तास झाले, आणि आर्टिकलच्या दहा तासांची किंमत मला चांगली ठाऊक आहे. आमच्या घरात एक सीए आहेत, त्या वर्षांत त्या कशा दिसायच्या ते मी पाहिलंय.

तू गेमने मांडलेल्या सापळ्यात पाय टाकलास, बस. सुरुवातीला तो तुझ्यापुढे कौशल्यांचा मोठा तक्ता ठेवतो. स्टेल्थ आहे, सॅबोटाज आहे, पिस्तूल, रायफल, शॉटगन आहे, हाणामारी आहे. वर अगदी प्रेमाने सांगतो, हवं तसं खेळ. पहिल्या काही मिशनांत ते खरंही असतं. मग मॉस्कोत तुला एका खोलीत कोंडतो, समोर ब्रायकोला उभा करतो आणि तुझ्या हातात जे पिस्तूल आहे ते तुला नीट धरताही येत नाही. आपल्याकडच्या परीक्षेसारखंच. वर्षभर सांगायचं, समजून घ्या, पाठ करू नका, आणि पेपरात शेवटचा प्रश्न वीस मार्कांचा, पाठांतराचाच. हा दोष करणाऱ्यांचा आहे. गुपचूप जाणाऱ्याला ब्रायकोपासून सुटायची वाट द्यायला हवी होती.

तरी वाट आहे. मॉस्को, रोम आणि तैपेई ही तिन्ही शहरं तू हव्या त्या क्रमाने करू शकतेस, आणि एक अर्धवट टाकून दुसरीकडे जाताही येतं. हे गेम एकदाच सांगतो आणि आपण ऐकत नाही. बंगल्याच्या मिशनआधीची, सेफहाऊसमधली सेव्ह तुझ्याकडे असेल तर तीच उघड आणि सरळ रोमचं विमान पकड. तिथली दोन-तीन कामं कर. नवे पॉइंट येतील, त्यातला एकही स्टेल्थमध्ये घालू नकोस. सगळे पिस्तुलात. पिस्तुलाच्या पायऱ्या चढता चढता 'चेन शॉट' नावाची युक्ती मिळते: काळ थांबतो, तू निवांत एकेक निशाणा लावतेस, आणि वेळ परत सुरू झाली की सगळ्या गोळ्या एकापाठोपाठ सुटतात. पायरी वाढेल तशा गोळ्याही वाढतात. या गेममधले बहुतेक बॉस, म्हणजे ब्रायकोसारखे तगडे शत्रू, याच एका युक्तीने लोळतात. संतुलन वगैरे शब्द करणाऱ्यांनी तिथे गुंडाळूनच ठेवले होते, पण आपल्याला काय, आपलं काम होतंय.

दुसरं, अंगावरचं चिलखत बघ. तू स्टेल्थवाली, म्हणजे पावलांचा आवाज दाबणारं हलकं चिलखत घालून बसली असणार. ते गोदामात ठीक. ब्रायकोला तुझ्या पावलांचा आवाज ऐकून काही करायचं नाहीये, तू आलीयेस हे त्याला माहीतच आहे. त्या एका मिशनला जाड चिलखत घाल, औषधाच्या पेट्या भरून ने. आणि तो कोकेन ओढून सुरा उपसून सुटला की एकही गोळी वाया घालवू नकोस. नुसती पळ. टेबलं, खांब, जे आडवं येईल ते मधे ठेव. त्याचा झटका ओसरला आणि तो परत बंदूक घेऊन उभा राहिला की मग चेन शॉट, मग पुन्हा आड, युक्ती परत भरेपर्यंत वाट. तीन-चार फेऱ्यांत आटपेल. देखणं काही नाही त्यात. रंगपंचमीला रहाडीच्या, रंगाच्या हौदाच्या काठावर कुणी ढकलू नये म्हणून आपण जसे खांब धरून फिरतो, तसंच.

आता तुझा खरा प्रश्न. गेम वाईट आहे का?

2010 साली पंचवटी कारंज्याजवळ माझं गेमिंग पार्लर होतं. पार्लर म्हणजे सहा पीसी, एक स्टॅबिलायझर आणि गणपतीचा फोटो. पोरं तासाला पंधरा रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळायची आणि एकमेकांना अशा शिव्या द्यायची की समोरच्या पूजासाहित्याच्या दुकानातले काका उठून यायचे. त्या वर्षी मे-जूनमध्ये 'अल्फा प्रोटोकॉल' आला. ऑब्सिडियनने केलेला, सेगाने आणलेला. आधीच्या वर्षीच यायचा होता, पुढे ढकलला गेला होता. मी पावसाळ्यात मिळवला. कोपऱ्यातल्या पीसीवर, यूपीएस असलेला तो एकच, दुपारी गिऱ्हाईक नसताना खेळायला बसायचो.

त्या दिवसांत दुपारचं लोडशेडिंग होतं. सौदीतला तो विमानतळ आठव, जिथे लपत जाऊन बग, म्हणजे चोरून ऐकायचं यंत्र, लावायचा असतो. मी दोन गार्ड मागून आडवे केले, कॅमेरा चुकवला, अलार्मच्या डब्याशी पोचलो, आणि वीज गेली. यूपीएस सात मिनिटं टिकायचा. या गेममध्ये हवं तिथे सेव्ह करता येत नाही, तो सांगेल त्या चेकपॉइंटवरच होतं, आणि पुढचा चेकपॉइंट कुठे आहे ते देवाला माहीत. मी त्या सात मिनिटांत जे केलं त्याला स्टेल्थ म्हणत नाहीत. धावत सुटलो. सगळा तळ मागे लागला, यूपीएस किंचाळतोय, गार्ड किंचाळतायत, आणि दाराशी पोचायच्या आत पडदा काळा. असं तीनदा झालं. चौथ्या दिवशी मी दुपारचं खेळणं सोडून रात्री शटर अर्धं ओढून खेळायला लागलो. म्हणजे तुझ्या वैतागाशी माझी जुनी ओळख आहे.

गार्डांचं तू म्हणतेस ते शंभर टक्के खरं. हा गेम स्टेल्थचा म्हणून घेतला जातो आणि त्याचं स्टेल्थ हीच त्याची लंगडी बाजू आहे. अंधारात लपलं म्हणून कमी दिसतं, असं इथे काही नाही. गार्डची नजर आणि पावलांचा आवाज, एवढ्यावर सगळं चालतं, आणि तेही लहर येईल तसं. नुसत्या लपण्याच्या कसोटीवर त्या काळातले इतर गेम याच्या फार पुढे होते. गेमचा नायक थॉर्टन वाकून चालतो तेव्हा तर कंबर धरलेल्या माणसासारखा दिसतो. आमच्या पार्लरमध्ये त्याला 'मणक्याचा पेशंट' म्हणायचे.

मग करणाऱ्यांनी काय केलं? गार्ड हुशार करण्याऐवजी तुला जादू दिली. 'शॅडो ऑपरेटिव्ह' वापरलंस की काही सेकंद तू कुणालाच दिसत नाहीस, भर उजेडात, डोळ्यासमोर. 'अवेअरनेस' लावलं की भिंतीपलीकडचे गार्ड कुठे आहेत, कुठे तोंड करून आहेत, ते कळतं. तुझ्याकडे एव्हाना दोन्ही असणार. गार्डशी प्रामाणिकपणे वागायला जाऊ नकोस. पेटीमागे बसून त्याच्या फेऱ्या मोजणं हे दुसऱ्या गेममध्ये. इथे आधी बघ, मग अदृश्य हो, चालत जा, एका बटणात आडवा कर, पुढचा. थोडं थांब, परत. एकदा हा ताल बसला की ते विचित्र गार्डही गोड वाटायला लागतात. मला लागले होते.

न मारण्याचा तुझा हट्ट मात्र सोडू नकोस. पिस्तुलात बेशुद्धीच्या गोळ्या भरता येतात, गेममधल्या 'क्लिअरिंगहाऊस' या काळ्या बाजारात मिळतात. आणि एकदा आकडेवारीचं पान उघडून बघ. थॉर्टनमुळे किती मुलं अनाथ झाली, याचाही तिथे हिशोब असतो. माझा आकडा बघून बायकोने मला जेवायला वाढायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघितलं होतं. तुझा शून्याच्या आसपास असेल. सीएचं काम करणारीला कोरा रकाना किती सुखाचा असतो ते मी सांगायला नको.

हॅकिंगवर फार वेळ घालवत नाही. अक्षरं-आकडे सळसळत असतात, त्यात न हलणाऱ्या दोन ओळी शोधून त्यावर आपली पट्टी बसवायची, एक कीबोर्डने, एक माऊसने. ते मुळात कंट्रोलरच्या दोन दांड्यांसाठी रचलेलं आहे, म्हणून माऊसवर चिखल. भावाकडे कंट्रोलर असेलच, तेवढ्यापुरता जोड. नसेल तर ईएमपी चार्ज घेऊन ठेव, कुलूप असो की कॉम्प्युटर, एक लावला की भानगड मिटते. पैसे लागतात, पण पैसे या गेममध्ये दुसऱ्या कशाला ठेवायचे?

आता जिथे मला तुझ्याशी भांडायचंय तिथे येतो.

तू संभाषणं परत परत लोड करतेस. ते करू नकोस. इतर सगळं ऐकलं नाहीस तरी चालेल, एवढं ऐक.

मी देवळाली कॅम्पात वाढलो. तोफखान्याच्या भिंती, भिंतींवर 'फोटो काढण्यास सक्त मनाई'च्या पाट्या, आणि आम्हा पोरांचा आवडता खेळ हेर-हेर. आमचा हेर म्हणजे कुंपणाखालून सरपटणारा. शेजारी एक निवृत्त सुभेदार राहायचे, त्यांनी एकदा आम्हाला सरपटताना पकडलं आणि विचारलं, बहिर्जी नाईक कधी सरपटले होते का रे? आम्हाला उत्तर देता आलं नाही. नंतर कळलं की बहिर्जींबद्दल लेखी थोडं आहे आणि आख्यायिका ढीगभर, पण एकाही आख्यायिकेत ते अंधारात उकिडवे चालत नाहीत. ते फकीर असतात, गोंधळी असतात, वासुदेव असतात. 1664 च्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली बित्तंबातमी त्यांनी आणली म्हणतात, ती गावात हिंडून, लोकांशी बोलून. माणूस भर चौकात उभा आहे, सगळ्यांना दिसतोय, आणि कुणालाच कळत नाहीये. रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत तुला कोण भाविक, कोण पाकीटमार आणि कोण साध्या वेशातला पोलीस, ते सांगता येईल का?

'अल्फा प्रोटोकॉल'चं खरं स्टेल्थ तिथे आहे, बोलण्यात. समोरचा अजून बोलतोच आहे, खाली पट्टी आकसत चाललीय, आणि तुला ठरवायचंय: उर्मट, कामापुरतं की गोडीगुलाबीने. हे तीन सूर करणाऱ्यांनी पडद्यावरच्या तीन गाजलेल्या हेरांवरून घेतले होते, जॅक बाउअर, जेसन बॉर्न आणि जेम्स बाँड. तिघांचीही आद्याक्षरं तीच, हा त्यांचा आपापसातला विनोद. कधी चौथा पर्याय येतो, आणि समोरच्या माणसाबद्दल आधीच माहिती गोळा केलेली असेल तर तो नेमका दाबता येतो. म्हणून त्या फायली वाच. मेल आणि फायली, दोन्ही. बहुतेक लोक त्या न उघडताच 'पात्रं कळत नाहीत' म्हणून तक्रार करतात. तू तर ताळेबंदाखालच्या तळटिपा वाचणारी, तुला कंटाळा येऊ नये.

आणि प्रत्येक माणूस लक्षात ठेवतो. सौदीतला तो शस्त्रांचा दलाल नासरी आठवतोय? त्याला मारता येतं, अटक करता येते, सोडताही येतं, आणि सोडलेला पुढे माल आणि माहिती पुरवतो. तू काय केलंस मला माहीत नाही, विचारतही नाही. माझ्या पार्लरमधला एक मुलगा आणि मी, दोघांनी एकाच महिन्यात गेम संपवला. चहा पीत बोलत बसलो तेव्हा लक्षात आलं, त्याच्या मॉस्कोत जे माणूस मित्र होतं ते माझ्या मॉस्कोत जिवावर उठलं होतं. आम्ही बराच वेळ एकमेकांना खोटं ठरवत होतो. मग दोघांच्या सेव्ह उघडून बघितल्या. फरक होता एका मेलच्या उत्तराचा आणि एका ठिकाणी त्याने घेतलेल्या थट्टेच्या सुराचा. इतक्या बारीक धाग्यावर एवढं मोठं काही टांगलेलं मी त्याआधी कुठल्या गेममध्ये पाहिलं नव्हतं. त्यानंतरही फार कमी.

म्हणून ती बाटली. पट्टी संपत आली, भाऊ ओरडला, तू दाबलंस, आणि ग्रिगोरीच्या तोंडावर काच. तुला शरम वाटली, तू लोड केलंस. मला सांग, दुसऱ्यांदा तुला उत्तर माहीत होतं ना? मग तो संवाद राहिला कुठे, तो तर फॉर्म भरणं झालं. घाईत चुकीचं बोलून बसणं आणि मग त्या बोलण्यासकट पुढची कामं निभावणं, हीच या गेमची मजा आहे, आणि ती इतर कुठे मिळत नाही. वर गंमत म्हणजे इथे कुणी तुझ्यावर खूश झालं तर फायदा आहेच, पण कुणी डाफरलं तरी काही ना काही पदरात पडतं. करणाऱ्यांनी एकाही उत्तराला शिक्षा ठेवलेली नाही. पहिल्या बेंचवरच्या मुलींना हे पचायला जड जातं, कल्पना आहे मला.

एक तक्रार मात्र इथेही मान्य. बटणावर एकच शब्द लिहिलेला असतो आणि थॉर्टन तोंड उघडतो तेव्हा भलतंच काही बाहेर पडतं. 'गोडीगुलाबी' म्हणून दाबावं आणि त्याने सीबीएसच्या स्टँडवरच्या टपोरीसारखा डोळा मारावा. तुझ्यासारख्या मुलीला तो सूर बहुतेक वेळा नकोसा वाटेल. कामापुरतं बोल. बऱ्याच लोकांना तेच आवडतं, आणि ज्यांना आवडत नाही ते कोण, हे चेहऱ्यावरून कळायला लागतं. तैपेईत हेक नावाचा एक वल्ली भेटेल. त्याच्याबद्दल एक अक्षर सांगत नाही, फक्त त्या रात्री भाऊ झोपलेला नसेल एवढं बघ.

तर गेम वाईट आहे का? अर्धा आहे. गोळी नेम धरूनही चुकते, कारण खाली गुपचूप फासे पडतायत आणि तुझं कौशल्य कमी आहे. स्टेल्थ लंगडं, बॉस रटाळ, माऊस चिखलात. तेव्हाच्या परीक्षणांतही कौतुक आणि शिव्या जवळजवळ सारख्याच होत्या. सेगाने दुसरा भाग काढला नाही. ब्रायकोच्या दिवाणखान्यात ऐंशीच्या दशकातलं ते रॉक गाणं दणदणत असतं ना, पाच रात्रींत तुला पाठ झालं असेल; तर गेममधल्या संगीताच्या हक्कांची मुदत संपली म्हणून 2019 मध्ये तो विक्रीतूनच काढून टाकला होता. मार्च 2024 मध्ये जीओजी या ऑनलाइन दुकानात परत आला, भावाने घेतला तो बहुधा तिथूनच. मधली पाच वर्षं तो विकतही मिळत नव्हता आणि तरी लोक त्याच्याबद्दल बोलायचे थांबले नव्हते. ऑफिसातल्यांना विचार, त्यांच्यापैकी किती जण रोमपर्यंत पोचले होते.

मी त्याला भंगार म्हणणार नाही. माझ्या लेखी तो जुन्या नाशकातल्या वाड्यासारखा आहे. जिना असा की डोकं आपटतं, एका खोलीत पावसाळ्यात बादली ठेवावी लागते, आणि तरी त्या घरातून उठवत नाही.

तरी सोडायचा असेल तर सोड. भावाने पैसे साठवून दिला म्हणून संपवलाच पाहिजे असं काही नाही. भावाला तू तो संपवण्यापेक्षा रात्री दहा वाजता शेजारी बसून 'उर्मट दाब' ओरडण्यातच जास्त रस दिसतोय. त्याला एक शहर देऊन टाक. रोममधलं सगळं बोलणं त्याचं, चालणं तुझं. जे बोलून ठेवेल ते तू निस्तरायचंस, लोड करायचं नाही. भांडणं होतील, घरच्यांना झोपू द्या म्हणजे झालं.

एवढं करूनही मन लागलं नाही तर मला परत लिही, मग दुसरा गेम सुचवतो. ब्रायको पडला तरी लिही, किती फेऱ्यांत पडला ते.

ता. क. भावाला 'रिक्रूट' म्हणून पहिल्यापासून खेळायची हौस आली, तर येऊ दे. त्यात सुरुवातीला एकही पॉइंट मिळत नाही, आणि तसा पूर्ण केला की पुढच्या वेळी 'व्हेटरन' म्हणून सुरू करता येतो. पण आधी तुमच्या इन्व्हर्टरची बॅटरी तपासून घ्या. इंदिरानगरला वीज कमी जाते असं ऐकून आहे, पण चेकपॉइंटच्या आधी जायची ती जातेच.